अण्णा आणि दुसरा वसंत

आमच्या अण्णांचा एका माणसावर भयंकर राग होता. त्या माणसाने त्यांचा बांध कोरला नव्हता, त्यांना शिवी दिली नव्हती, त्यांच्या वाटेला तो कधी गेलाही नव्हता. जाणार कसा? तो जन्मालाच आलेला नव्हता. तो एका विनोदी प्रेमकथेचा नायक होता, आणि मूळ दुखणं असं की त्याचं नाव वसंत होतं. अण्णांचंही नाव वसंत.

अण्णा म्हणजे माझे जामखेडचे घरमालक. मी मूळची नगरची. प्राथमिक शाळेत मास्तरीण म्हणून जामखेडला बदली झाली आणि अण्णांच्या घराची रस्त्याकडची खोली मला भाड्याने मिळाली. अण्णा एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. केबिनच्या खिडकीतून मान बाहेर काढून ते "आष्टी, कडा, नगऽऽर" अशी आरोळी द्यायचे, तेव्हा फलाटावर झोपलेली कुत्रीसुद्धा उठून गाडीकडे बघायची. घरीही भाषा तीच. जेवायला उशीर झाला की "आज गाडी लेट आहे वाटतं," आणि पोट भरलं की ताटाच्या कडेवर बोटाने दोनदा टकटक. डबल बेल.

पण अण्णांचा खरा छंद हेवा. कुणाचाही, कशाचाही. समोरच्या शिंप्याची दाढ एका हिसक्यात निघाली, अण्णांची दोन तुकड्यांत निघाली होती. "नशीब लागतं," अण्णा म्हणाले. गल्लीतले एक म्हातारे वारले. स्मशानातून परत आल्यावर अण्णा टोपी हातात धरून ओट्यावर बसले. मला वाटलं, वाईट वाटलं असेल. मग म्हणाले, "केवढी माणसं आली होती बाई! मारुतीच्या देवळापर्यंत रांग. नशीब लागतं." त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली होती तरी अण्णा काखेत छत्री घेऊन कामावर जायचे. शिंप्याने नवी घेतली होती ना!

मला हे सगळं लवकर कळलं, कारण चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक. हेव्याच्या बाबतीत मी काही कमी नाही. माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न माझ्याआधी झालं. वर तिचा नवरा तिला पुस्तकं भेट देणारा निघाला. दिवाळीत नगरला गेले तेव्हा तिच्या उशाशी एक कादंबरी होती, आत जावईबापूंच्या अक्षरात 'प्रिय' वगैरे लिहिलेलं. मी ती वाचायला म्हणून मागून घेतली. खरं सांगायचं तर वाचण्यापेक्षा ती तिच्या उशाशी नसावी, एवढाच माझा हेतू होता.

पण कादंबरी निघाली झकास. त्यातला वसंत पुण्यात पत्ता चुकून नलिनी नावाच्या मुलीच्या घरी शिरतो. घरातले त्याला रेडिओ दुरुस्त करणारा समजतात. त्याला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही, पण नलिनी दिसल्यावर तो नाही म्हणत नाही. तो रेडिओ बिघडवून जातो, म्हणून त्याला पुन्हा बोलावतात, तो आणखी बिघडवून जातो. नलिनीला पहिल्या दिवसापासून सगळं ठाऊक असतं. तीही मागून एखादी तार सैल करून ठेवते. मी खोलीत एकटीच फिदीफिदी हसत होते, तेव्हा दारात अण्णांच्या सौभाग्यवती, आमच्या काकू, येऊन उभ्या राहिल्या.

"काय हो बाई, एवढं काय आहे त्यात? आम्हालाही सांगा की."

त्या दिवसांत नळ कोरडेठाक होते आणि संध्याकाळी गल्लीत टँकर यायचा. केव्हा येईल ते टँकरवाल्यालाही ठाऊक नसायचं. बायका हंडे-कळश्या रांगेत लावून काकूंच्या ओट्यावर टेकायच्या. मी तिथे कादंबरी वाचायला घेतली. दोन पानं झाली असतील. शेवंतामावशी, म्हणजे पलीकडच्या मळ्यातली दूधवाली, जांभई देत म्हणाली, "बाई, तुमी वाचताय की हजेरी घेताय?"

मग पुस्तक काकूंनी घेतलं. काकूंना माहेरी पोथी वाचायची सवय होती. काय वाचायच्या! नलिनीचा बाप खाकरला की काकू खाकरायच्या, नलिनी लाजली की काकूंची मान आपोआप खाली जायची. बायका पाणी विसरल्या. पुस्तक माझं, म्हणजे बहिणीचं, शिकलेली मी, आणि टाळ्या काकूंना! मला जो काही हेवा वाटला तो आजही आठवतो.

पण त्या पहिल्या दिवशी तिसऱ्याच ओळीला काकू अडखळल्या होत्या. चेहरा लाल झाला.

"काय झालं?" शिंप्याची बायको मंगल म्हणाली.

"अगं, हे नाव मला कसं घेता येईल?"

उखाणा सोडला तर काकूंनी लग्नापासून नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. नाव तर सोडाच, ऋतूंची नावं सांगायची झाली तरी त्या "होळीनंतरचा" म्हणून पुढे सरकायच्या. आता नायकच वसंत! बायकांत खल झाला. मी म्हटलं, माझ्याकडे द्या पुस्तक. तशी शेवंतामावशी घाईने म्हणाली, "नगं नगं. काकू, तुमी आपलं 'हे' म्हना. आमाला कळतंय."

झालं. त्या दिवसापासून त्या कादंबरीचा नायक 'हे' झाला. आणि 'हे' म्हटलं की एकेरी कसं बोलणार? एवढा उनाड पोरगा, पण काकूंच्या तोंडी त्याला मान मिळू लागला. "हे जिना चढून आले." "ह्यांनी रेडिओ उघडला आणि हे घाबरले." नलिनीचा बाप काठी घेऊन धावला तेव्हा "हे खिडकीतून उडी मारून पळाले." नलिनी पुस्तकात म्हणायची, "वसंत, तू अगदी वेडा आहेस." काकू वाचायच्या, "अहो, तुम्ही अगदी वेडे आहात."

"लगीन व्हायच्या आदीच अहो म्हनती?" शेवंतामावशी म्हणाली. "पर चांगल्या वळनाची हाय पोरगी. मान राखून बोलती."

एका संध्याकाळी अण्णा ड्यूटी संपवून घरी आले. काखेत छत्री, हातात डब्याची पिशवी, डोक्यावर टोपी. ओट्याजवळ पोचतात तोच काकूंचा आवाज आला, "मग ह्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि नलिनीच्या केसात हळूच गुलाब खोवला."

ओट्यावरच्या सगळ्या बायकांनी एकदम अण्णांकडे पाहिलं. टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं.

"बगा की!" शेवंतामावशी म्हणाली. "वरनं कसं गरीब दिसत्यात."

जे हसू फुटलं ते टँकर येईपर्यंत थांबलं नाही. अण्णा तडक आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेला निघाले तर दारात उभे.

"बाई, ही नलिनी कोण?"

मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "पुस्तक बघू." पहिलंच पान उघडून त्यांनी आपलं नाव वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आणि पुस्तक डब्याच्या पिशवीत टाकून स्टँडवर घेऊन गेले. संध्याकाळी बायकांच्या वेळेला आणून दिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेलं. काकूंच्या पुढची पानं आधीच वाचून ते त्या माणसावर पाळत ठेवू लागले.

मग तक्रारी सुरू झाल्या, आणि त्या सगळ्या माझ्याकडे, कारण त्या माणसाला घरात मी आणलं होतं.

"तुमचा हा माणूस काम काय करतो?"

"नोकरी शोधतो."

"कधी? सकाळी त्यांच्याकडे चहा, दुपारी त्यांच्याकडे पोहे. आमच्याकडे तिकीट फाडता येत नसताना कुणी कंडक्टर म्हणून गाडीत चढला तर चालेल का? ह्याला रेडिओतलं कळत नाही, तरी घरात घेतात. वर पोरगी हसते. नशीब लागतं!" मग जरा थांबून, "आणि नाव माझं. नाव माझं, मजा त्याची."

पण एकदा पोस्टात जाताना मी केबिनच्या मागून गेले तर अण्णा पुस्तकात डोकं खुपसून हसत होते. आवाज नाही, नुसते खांदे गदगदा हलत होते, डोळ्यांतून पाणी. नलिनीचा बाप रेडिओ म्हणून चुकून शिवणयंत्राचं खोकं दुकानात नेतो, ते प्रकरण असावं. मला पाहिल्याबरोबर त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "किती फालतू लिहितात हो," म्हणाले, आणि पान उलटलं.

इकडे गल्लीत अण्णांचा भाव वधारला होता. काकू 'हे, हे' करून वाचणार आणि पुस्तक मिटल्यावर समोर दिसणार ते अण्णाच. बायकांच्या मनात दोघांची सरमिसळ झाली होती. शेवंतामावशी दूध घालताना मापावर एक धार जास्त सोडायची. मंगल त्यांना पाहून पदर तोंडाला लावायची. दुसऱ्या कुणी त्या कौतुकाचं सोनं केलं असतं. पण अण्णा अण्णाच होते. "हे दूध मला नाही," ते म्हणायचे. "हे त्याचं आहे."

शेवटी त्यांनी चढाओढीला हात घातला. दुष्काळात जामखेडला गुलाब कुठला मिळायला? फूल दिसलं तर ते कॅलेंडरवर. त्यांनी शिर्डी गाडीच्या ड्रायव्हरला गळ घातली, की येताना एक गुलाब आण. शिर्डीत फुलांना काय तोटा? ड्रायव्हर देवमाणूस. त्याला वाटलं कंट्रोलरसाहेबांना प्रसादाचं फूल हवंय. त्याने समाधीवर वाहिलेला चांगला टपोरा गुलाब, सोबत अंगारा आणि खडीसाखर, असं कागदात बांधून आणलं. अण्णांनी ती पुडी घरी येऊन काकूंच्या पुढे धरली आणि मान दुसरीकडे वळवली. काकूंनी पुडी उघडली, फूल दोन्ही डोळ्यांना लावलं, आणि देव्हाऱ्यात नेऊन वाहिलं. अंगारा अण्णांच्याच कपाळाला लावला.

"बघितलंत ना?" अण्णा मला म्हणाले. कपाळावर राखेचा पट्टा तसाच. "त्याचं फूल केसात. माझं देवाला."

मी हसले. आता एवढं झाल्यावर कोण हसणार नाही? पण अण्णा हसले नाहीत.

नंतरच्या शनिवारी मी नगरला जायला स्टँडवर गेले. गाडी खरोखरच लेट होती. अण्णांनी मला केबिनमध्ये स्टुलावर बसवलं, चहा मागवला. बराच वेळ त्यांनी आपल्या पेनाचं टोपण काढलं आणि लावलं. मग म्हणाले, "बाई, तुम्हाला माझं हसू येतं. येऊ दे. पण एक सांगा, ती नलिनी त्याला काय म्हणून हाक मारते?"

"वसंत."

"पानापानावर. येता वसंत, जाता वसंत. रागावली तरी वसंत." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "मला इथे कंट्रोलरसाहेब म्हणतात. गल्लीत अण्णा. घरात अहो. आई गेल्यापासून मला वसंत म्हणणारं कुणी राहिलं नाही बघा. कधी कधी पगाराच्या कागदावर नाव दिसलं तर वाटतं, हा कोण?"

"काकू उखाण्यात घेतात की नाव," मी म्हटलं.

"लग्नात घेतलं होतं घास भरवताना. इतकं हळू, की तिच्या मावशीने कान लावून ऐकलं आणि मग मोठ्याने सांगितलं. म्हणजे मी ऐकलं ते मावशीच्या तोंडून. त्यानंतर जे काही घेतलं ते हळदीकुंकवाला, डोहाळजेवणाला, मंगळागौरीला. तिथे पुरुषांना कोण बसू देतंय? शेवंतेनं ऐकलंय. शिंप्याच्या बायकोनं ऐकलंय." ते माझ्याकडे वळले. "तुम्हीपण ऐकलं असेल."

मी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ऐकलं होतं. हो म्हणाले.

अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं त्या नजरेने शिंप्याच्या छत्रीकडेही कधी पाहिलं नसेल. "कसं म्हणते हो?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात गाडी लागली आणि अण्णांनी खिडकीतून मान बाहेर काढून "आष्टी, कडा, नगऽऽर" केलं. मी गाडीत जाऊन बसले. माणूस सगळ्या जगाचा हेवा करतो तेव्हा त्याला नेमकं एकच काहीतरी मिळालेलं नसतं, असं काहीसं मनात येत होतं. बाकीचं सगळं तो उगीच तोंडी लावायला घेतो.

महिन्याभराने कादंबरी संपली. शेवटी नलिनीचा बाप वसंताला हाकलतो, तो निघतो आणि ती त्याला उंबऱ्यावर थांबवते. काकूंनी ते असं वाचलं की शेवंतामावशीने टँकरचा भोंगा वाजत असताना रडून घेतलं. आता पुस्तक परत द्यायला हवं होतं. बहिणीची दोन पत्रं येऊन गेली होती.

मी ते परत न्यायचं ठरवलं त्या रविवारी सकाळी अण्णांची सुट्टी होती. टँकर दोन दिवस आला नव्हता, म्हणून गल्लीतल्या बायका खर्ड्याच्या रस्त्यावरच्या विहिरीकडे गेल्या होत्या. काकू ओट्यावर रेशनचा तांबडा मिलो, ती दुष्काळातली परदेशी ज्वारी, सुपात घेऊन खडे निवडत बसल्या होत्या. अण्णा खांबाला टेकून बसले होते. मी पुस्तक पिशवीत टाकत होते तेव्हा काकू म्हणाल्या, "बाई, जायच्या आधी तो शेवट एकदा मला वाचून दाखवता? मी वाचते तेव्हा ह्या बायका नुसत्या ओरडत असतात. सगळ्यांना ऐकवलं, माझं ऐकायचं राहिलंच."

शाळेत पोरांवर ओरडून माझा घसा बसला होता. मी घशाला हात लावून दाखवला.

"द्या इकडे," अण्णा म्हणाले. "वाचायला काय लागतं?"

त्यांनी चष्मा लावला, पान काढलं, खाकरले आणि सुरू केलं. आवाज स्टँडवरचा. "वसंत निघाला. नलिनी दारात आली. नलिनी म्हणाली. वसंत. थांब."

काकूंना हसू आवरेना. "अहो, तिथे गाडी सुटत नाहीये. ती त्याला थांबवतेय."

"तेच वाचलं मी. वसंत, थांब."

"असं नाही म्हणत ती."

"मग कसं?"

"जरा हळू. ती रागावलीय, पण तो गेला तर तिचं सगळंच संपणार आहे. असं नाही का, आपण एखाद्याला..." काकूंची बोटं सुपात थांबली. त्या अंगणाच्या फाटकाकडे बघत होत्या, जणू तिथून खरंच कुणीतरी चाललं होतं. "ती असं म्हणते. 'वसंत, थांब ना.'"

आणि मग त्यांच्या लक्षात आलं. हात तोंडावर गेला, त्याबरोबर मूठभर मिलो ओट्यावर सांडला.

अण्णा हलले नाहीत. पुस्तक तसंच समोर धरलेलं, पण डोळे त्यात नव्हते. एरवी ओट्यावर दाणा सांडला तर "पायाखाली येईल" म्हणून ओरडणारा हा माणूस त्या दाण्यांकडेही बघत नव्हता.

"काय म्हणालीस?" त्यांनी हळूच विचारलं.

"काही नाही. पुस्तकातलं सांगितलं."

"मला नीट ऐकू आलं नाही."

"एवढ्या जवळ बसून?"

"रस्त्यावर आवाज होता," अण्णा म्हणाले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. बायका विहिरीवर, पोरं त्यांच्या मागे, शिंप्याचं यंत्रसुद्धा बंद. काकूंनी मान खाली घालून सांडलेले दाणे एकेक करून वेचायला घेतले. कान लाल झाले होते, आणि त्या हसत होत्या. नलिनी लाजते तेव्हा काकू वाचताना जशी मान खाली घालायच्या, तशी ही नव्हती. ही त्यांची स्वतःची होती.

पुस्तक अण्णांच्या हातात होतं आणि माझी गाडी गाठायची होती. पण ते मागायला मला तोंड उघडवेना. बहिणीला अजून एक पत्र लिहू दे, असं म्हणून मी कळशी उचलली. विहिरीवर जाते म्हणाले. दोघांपैकी कुणीही मला थांब म्हटलं नाही.

फाटकातून बाहेर पडताना मी मागे पाहिलं नाही, एवढी सभ्यता माझ्यात आहे. पण गल्लीच्या टोकापर्यंत मी अगदी हळू चालले, कान मागे ठेवून, हे खरं. मला काही ऐकू आलं नाही. जे म्हटलं गेलं असेल ते एकाच माणसाला ऐकू जाण्याइतकं होतं, आणि त्या माणसाचा मला फार फार हेवा वाटला.